हवालदाराच्या जागी

"आवं, खाली कुनी बाईमाणूस हाय का? जरा वर या की… पदर लावायचाय!"

जिन्यावरून परका तरुण असा ओरडला, तर साताऱ्यातली कुठलीही शहाणी पोरगी दार लावून घेईल. हरणानंही लावलं. मग हसू आवरेना, तेव्हा फटीतून बघितलं. माडीवर नवा फोटोवाला आला होता – जोतीराम. उंच, किडकिडीत, बोटांवर फोटो धुण्याच्या औषधाचे काळे डाग. मागं एक संकोचलेली बाई उभी.

"माझा न्हाई, ह्यांचा पदर," तो लाजून म्हणाला. "मी कसा हात लावू?"

हरणा साताऱ्याला अंबूआत्याकडं शिवणकाम शिकायला राहिली होती. आत्या म्हणाली, "जा गं. मी बसती जिन्यात." हरणा वर गेली, ती मग रोजच जाऊ लागली.

चव्वेचाळीस साल. लढाईचे दिवस. घराघरातला गडी पलटणीत, आणि बायकांना नवऱ्याशेजारी बसलेला फोटो हवा. नवरा तर समुद्रापार! जोतीरामानं त्यावर तोड काढली होती. खाकी कोट चढवून पलटणीतल्या हवालदाराच्या जागी खुर्चीत तो स्वतःच बसायचा. मग छापलेल्या फोटोतला आपला चेहरा कापून तिथं नवऱ्याच्या जुन्या फोटोतला चेहरा चिकटवायचा, आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. सांधा दिसेल तर शपथ.

आता तोच खुर्चीत बसला, तर कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबायचा कुणी? अर्थातच हरणानं.

आधी कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घालायचं. दुधी काचेवर जोतीराम उलटा दिसायचा, डोकं खाली, पाय वर. नाक कुठं, तोंड कुठं, काही उमगायचं नाही, तरी ती बघत राहायची.

"नुस्तं त्वांड बघू नका," तो शिकवायचा. "सावली बघा. आपल्याकडं रंग न्हाईत, काय बोलायचं ते सावलीनंच."

"अन् सावली खोटं बोलली तर?"

"कोट खोटा असंल… सावली खरीच पडती."

असं काही बोलला की हरणा दिवसभर उगाच गुणगुणत हिंडायची. पण हळूहळू ती जळायला लागली. सगळं नाटक आहे हे कळत होतं, पण कळून करायचं काय? पदर तिनंच चोपून लावायचा, "जरा त्यांच्याकडं सरका" हेही तिनंच म्हणायचं, आणि मग कॅमेऱ्याशेजारी फुगा धरून त्या बाईच्या कोपराकडं डोळे लावायचे – टेकतंय का… टेकलं का! अख्ख्या तालुक्याच्या बायका त्याच्या शेजारी बसून गेल्या. मेली मीच तेवढी राहिले!

त्यातच रहिमतपूरची विजयमाला आली. गोरीपान, गालाला खळी, नवरा इटलीत. खुर्चीवर बसत म्हणाली, "आमचं मालक बी असंच ताठ बसत्यात बघा, अगदी तुमच्यावानी!"

जोतीराम हसला. हरणाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हलू नका!" ती खेकसली, आणि फुगा असा दाबला की बिचारी विजयमाला दचकलीच.

ती गेल्यावर हरणा म्हणाली, "लय खुलली होती स्वारी आज."

"कुनाची?"

"हवालदारसाहेबांची."

"रागावलाय व्हय?"

"मी कोन रागावनार? पदर लावनारी बाई मी… ऐतवारी आबा येनार हायत. कोरेगावचं स्थळ आलंय. मी हो म्हननार हाय."

जोतीरामाचा चेहरा पांढरा पडला. "बरं…" एवढंच म्हणून तो फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत शिरला. एक शब्द बोलला असता तर! पण नाही.

ऐतवारी आबा आले. चहा घेऊन त्यांनी विचारलं, "पाव्हण्यास्नी काय सांगू, पोरी?"

"आले, वाळवन बघून येती," म्हणून हरणा गच्चीवर पळाली. तिथं दोरीला विजयमालेचा फोटो वाळत होता. अजून न कापलेला! असा फोटो तिनं कधी पाहिलाच नव्हता. अंधाऱ्या खोलीत आत्या जाऊ द्यायची नाही, आणि तयार फोटोत नवऱ्याचा चेहरा आलेला असायचा.

जोतीराम त्यात हसत होता. नुसते ओठ नव्हे, सगळा चेहरा विरघळलेला.

"हिच्या शेजारी बसून असलं हसू?" हरणाचे डोळे भरून आले. बाजूलाच कात्री होती. "कापायचाच हाय न्हवं? मीच कापती!"

कचाकच कापला. आता तळहातावर एकटा जोतीराम उरला, विजयमाला नाही की खुर्ची नाही… आणि तेव्हा कुठं तिला त्याचे डोळे दिसले.

ते कॅमेऱ्यात बघत नव्हते. विजयमाला बसली होती एका अंगाला, आणि ह्याची नजर दुसऱ्याच अंगाला. तिकडं होतं कोण? फुगा धरून… अगं बाई! हरणाच की!

"ह्ये काय केलंत?" दारातून जोतीराम म्हणाला.

"कुनाकडं बघत हुता?"

तो दोरीवरचे चिमटे सारखे करू लागला.

"सांगा की! आबा खाली बसल्यात."

"ह्यो चेहरा कुनी बघत न्हाई, हरणा…" तो खाली बघत म्हणाला. "कापूनच टाकायचा असतो. म्हनून तेवढ्यापुरता मोकळा सोडतो. एरवी लय आवरून धरावा लागतो."

"समद्या फोटोंत?"

"समद्या."

"मग तोंडानं बोलायला काय झालं हुतं?"

"तुमी त्या बायकांवरनं नजर काढाल, तवा न्हवं!"

रडावं की हसावं, हरणाला कळेना. इतक्यात जिन्यात आबांची पावलं वाजली. जोतीराम घाबरला. "आता… काय बोलू त्यांच्याशी?"

"काय बोलू नका. नुस्तं माझ्याकडं बघा… तसंच."

त्यानं बघितलं. आबा दारात येऊन थबकले तरी त्याची नजर हलली नाही. आबांनी एकदा त्याला न्याहाळलं, एकदा लेकीला, आणि जिन्याकडं तोंड करून आत्याला हाक मारली, "आक्का, कोरेगावला न्हाई म्हनून कळवावं लागतंय गं!"

"अन् आबा," हरणा डोळे पुसत म्हणाली, "उद्यापास्नं ह्यांनी त्या बायकांशेजारी बसायचं न्हाई. हवालदाराच्या जागी तुमी बसा!"