भोपळ्याच्या बियरचा शकुन

बद्रीनाथ मला पहिल्यांदा दिसला तो कंपनीच्या गेटवर, वॉचमनशी हुज्जत घालताना. टेम्पोत लाल भोपळे खचाखच भरलेले, आणि वॉचमन म्हणत होता, "अरे बाबा, ही बियरची कंपनी आहे. मंडई तिकडं!"

"मीच मागवलेत," मी पुढं होऊन म्हटलं.

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं... जरा जास्तच नीट. "बियरमदी भोपळा?"

"अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं ना, तेव्हा तिकडं बियरला लागणारे जव महाग पडायचे. मग बाया भोपळा, मका, काकवी, मिळेल ते घालून घरीच बियर काढायच्या."

"बाया?"

"हो. घरच्या चुलीवर."

"मंग तर लई भारी," म्हणाला आणि हसला. ते हसू मला आवडलं. लपवायचं कशाला?

चिकलठाण्याच्या त्या कंपनीत मी यीस्ट सांभाळायचे. यीस्ट म्हणजे बियर आंबवणारे जीव, तान्ह्या लेकरापेक्षा नाजूक. जुन्या अमेरिकेतली बियर करून बघायची हा माझाच हट्ट, आणि साहेबांनी त्यासाठी एकच टाकी दिली होती. ती बिघडली की हट्ट संपला.

भोपळे पुरेसे झाले, तरी बद्रीनाथ सिल्लोडहून येतच राहिला. कधी कोवळी कणसं घेऊन, कधी रिकाम्या हातानं.

"आज काय आणलंत?"

"आज... मीच आलो."

"हा माल आम्ही मागवला नव्हता."

"परत पाठिवता का मंग?"

मी मान खाली घातली. कान गरम झाले होते!

टाकीत यीस्ट सोडायच्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर. हातात स्टीलचा डबा. "हात करा पुढं, वृंदा मॅडम. आईनं दही-साखर दिलीय, तुमच्या कामासाठी."

चमचा माझ्या तळहातापाशी आला आणि मी किंचाळलेच. "नको! लांब व्हा!" हात पाठीमागं लपवून मी तडक आत पळाले.

दह्यातले जीव टाकीत शिरले की बियर आंबट होऊन नासलीच. यीस्टच्या दिवशी आम्ही दह्याला शिवतसुद्धा नाही. पण हे त्याला कुठून माहीत असणार? हात धुताना मला उमगलं, मी काय करून बसले ते. कुणाच्या आईनं प्रेमानं धाडलेलं दही झिडकारायचं म्हणजे त्या घरालाच नाही म्हणणं! धावत सुटावंसं वाटत होतं, पण टाकी बंद होईपर्यंत हलता येईना. तो गेला तर... पुन्हा कशाला येईल? डोळे भरून येत होते आणि हात मात्र काम करत होते.

झाकण बसलं, तशी टोपी-अ‍ॅप्रन टाकून मी बाहेर धावले. टेम्पो चहाच्या टपरीपाशी उभा होता. आत तो, आणि शेजारच्या सीटवर तो डबा.

"गेला नाहीत?"

"निघालो व्हतो. पन आईला काय सांगावं, सुचंना."

मी भराभरा सगळं सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. "म्हंजे... मला नाय म्हनला नव्हता?"

"दह्याला म्हटलं. तेही सकाळपुरतं." मग माझा आवाज बारीक झाला. नातेवाइकांत मी 'फूड कंपनीत' नोकरीला होते. बियरचं नाव काढायची सोय नव्हती. "आईंना माझं काम काय सांगितलंत?"

"खरं तेच. बियर काढतात म्हनलं. आधी कपाळाला हात लावला तिनं. मंग म्हनली, पोरगी जीव लावून करती ना? मंग दही घिऊन जा."

मी नुसता तळहात पुढं केला. त्यानं अलगद चमचा रिकामा केला. दही उन्हानं कोमट झालं होतं, साखर विरघळून गेली होती. मी ते हात चाटूनपुसून खाल्लं.

"दही शिवलंय, आता आज मला आत जाता यायचं नाही."

"मंग कुठं जाता?"

मी दार उघडून त्याच्या शेजारी बसले. "सिल्लोडला. आईंना मीच सांगते, दही आवडलं म्हणून... आणि त्यांचा मुलगाही."

चावी फिरवायला गेलेला त्याचा हात तसाच थांबला.

"ऐकू आलं ना?" मी विचारलं.

"आलं की. पन सिल्लोड लई लांब हाय... वाटंनं पुन्यांदा म्हना."