मुनीर पटेलचे पुरावे

मुनीर पटेलचं तोंड पाहायच्या आधी मी त्याची चूक पकडली होती. यात माझा काही दोष नाही, आमच्यामध्ये पडदाच होता.

रमजान सुरू होता. मी लातुरात खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहते आणि नीटच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. घर आमचं नांदेडला. खालाच्या गच्चीवर दरवर्षी गल्लीतल्या लोकांसाठी तरावीहची नमाज होते. रोज रात्री थोडं थोडं म्हणत महिन्याभरात इमामानं अख्खं कुराण तोंडपाठ ऐकवायचं. पुढे पुरुष, मधे दोरीवर खालाची निळी चादर, मागे आम्ही बायका. इमाम अडला की मागे उभा असलेला एखादा हाफिज, म्हणजे कुराण पाठ असलेला माणूस, त्याला शब्द सुचवतो. त्या दिवशी तो हाफिज तापानं फणफणला होता, आलाच नव्हता.

नव्या इमामाचा आवाज मात्र असा, की दिवसभराची तहान विसरावी. आणि हा बाबा सारखी सुरुवात असलेल्या दोन आयतींपाशी, म्हणजे ओळींपाशी, आला नि खुशाल दुसऱ्याच सूरेत, दुसऱ्याच अध्यायात, निघून गेला. मागं फिरला… परत तिकडंच. मला काही राहवेना. लहानपणी अब्बांनी माझ्याकडूनही सगळं कुराण पाठ करून घेतलंय. पण बाईनं नमाजेत बोलायचं नसतं. इमाम चुकला तर हाताच्या पाठीवर थाप द्यायची, बस. मी दिली, आणि जरा जोरातच दिली.

तो थांबला. एक श्वास घेतला… आणि बरोबर वाटेला लागला.

नमाज संपल्यावर चादरीपलीकडून त्यानं विचारलं, थाप कुणी दिली. खालानं मला कोपर मारलं आणि मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं की ही माझी भाची तहसीन, हिला चुका काढायची खोडच आहे.

“मेहरबानी,” तो म्हणाला. मग हळूच, “आणखी कुठं चुकलो का?”

“एका जागी. पण ते तुम्हीच सांभाळून घेतलंत.”

“म्हणजे सगळं नीट ऐकून राहिल्या होत्या तुम्ही…”

पलीकडे पुरुष हसले. मी चादरीआड उगीचच ओढणी सारखी करत बसले.

दोन दिवसांनी दुपार कलता दार वाजलं. दारात केळीचा घड, आणि घडामागे तो. बहीण अर्धापूरला दिलेली, तिनं इफ्तारसाठी धाडली म्हणे. तेवढ्यात आभाळ फाटल्यासारखा अवकाळी पाऊस आला आणि साहेब आमच्या ओसरीवर अडकले. सडपातळ, चष्म्याची काच ओली, ती पुसायला कुर्त्याचं टोक शोधतोय… आणि चष्म्याशिवाय माझ्याकडे बघतोय. त्याला दिसत काही नसणार, पण मला उगीच वाटलं, दिसतंय.

खाला आत भजी तळत होती आणि कान बाहेर लावून होती. त्यानं सांगितलं, तो मूळ नायगावचा, इथं हायस्कूलला मराठी शिकवतो. त्याच्या शाळेतून निवृत्त झालेले भागवत सर एक व्याख्यानमाला चालवतात. ईदनंतर तिथं त्याला मराठीतून बोलायचं होतं: कुराण माणसाचं नाही, ईश्वराचं, हे कशावरून. भाषण तयार होतं. ऐकता का, असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सुरूच केलं. पहिलाच पुरावा, आजचं सगळं विज्ञान त्यात आधीच सांगितलेलं आहे.



हेच वाक्य मी गेल्या वर्षी नांदेडात ऐकलं होतं. मुलगा मला बघायला आला होता. त्यानं हे म्हटलं आणि मी म्हटलं, फिजिक्सचं पुस्तक तर दर काही वर्षांनी बदलतं, मग आयतीचा अर्थही बदलत बसणार का? दुसऱ्या दिवशी निरोप आला: मुलगी शिकलेली आहे, पण ईमान कच्चं. जिच्या छातीत अख्खं कुराण आहे तिला हे ऐकावं लागलं. मी आठवडाभर धड जेवले नाही. अम्मीनं शपथ घातली, आता कुणीही काही बोललं तर तू ‘छान’ एवढंच म्हणायचं.

म्हणून मी म्हटलं, “छान आहे.”

दुसरा पुरावा. “छान.” तिसरा. “खूप छान.”

त्यानं कागद मिटला. “तुम्ही भर नमाजेत थाप देणाऱ्या बाई. आता ‘छान’ म्हणता… काय झालं?”

झालं, माझी शपथ तिथंच मोडली. विज्ञानाचं तर सांगितलंच. मग त्याचा दुसरा पुरावा घेतला, चौदाशे वर्षांत एक अक्षर हललेलं नाही. म्हटलं, जपलं कुणी? आपणच. त्यातून आपली निष्ठा कळते, ते आलं कुठून हे कसं कळणार? तिसरा, अशी एक तरी सूरा रचून दाखवा. म्हटलं, दाखवली तर निकाल कोण देणार, आपणच ना? स्वयंपाक आपल्या आईचा आणि परीक्षकही आपण. तो दोनदा तावातावानं बोलला, मीही सोडलं नाही. पाऊस थांबायच्या आधीच तो भिजत निघून गेला आणि मी केळीच्या घडाकडे बघत बसले. गेलं हेही स्थळ, असं मनात आलं. मग लक्षात आलं, स्थळ कुठं होतं? मीच आपली धरून बसले होते.

त्यानंतर चादरीपलीकडून त्याचं पठण असं बिनचूक येऊ लागलं की विचारू नका. एकदा तर मनात आलं, अरे एखादी चूक कर की… आणि लगेच तौबा केली.

रमजान सरत आला तेव्हा तो परत आला. केळी घेऊनच.

“सगळं खोडलं,” तो ओसरीवर बसत म्हणाला. “आता माझ्याकडं काहीच उरलं न्हाई. पण तुम्ही तरी मानताच की.”

“मानते.”

“का?”

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी त्याला त्या आंधळ्या माणसाची गोष्ट सांगितली, जी त्यालाही पाठ होती. रसूल, म्हणजे पैगंबर, शहरातल्या बड्या मंडळींशी बोलत असतात, एक आंधळा मधेच काही विचारायला येतो, रसूलांच्या कपाळाला आठी पडते. आणि आयत उतरते ती त्यांनाच बोल लावणारी. मी म्हटलं, माणूस स्वतः रचत असता तर आपलीच कानउघाडणी त्यात ठेवली असती? तीसुद्धा जगानं नमाजेत कायमची म्हणावी अशी? त्या जागी आले की मला दरवेळी रडू येतं.

“मग हाच पुरावा,” तो म्हणाला.

“नाही. एखादा म्हणेल, हुशार माणूस तेही करेल. मी कुणाचं तोंड बंद करू शकत नाही. मला तिथं ते खरं वाटतं, एवढंच.”

त्यानं चष्मा काढून कुर्त्याच्या टोकानं पुसला. मग म्हणाला, “मला वाटलं होतं, तुम्ही मानतच नसाल.”

“तसं असतं तर?”

“तर… केळी संपेपर्यंत तरी आलोच असतो.”

“आणि संपल्यावर?”

“अर्धापूरला केळी कधी संपत न्हाईत.”

आतून खालाच्या हातातला झारा पडल्याचा आवाज आला.

जाताना मात्र त्यानं खरं ते सांगितलं. व्याख्यानाला त्याची आई नायगावहून येणार, मला बघणार, आणि तिला कुणीतरी नांदेडची गोष्ट सांगितलेली आहे. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आता मला तो हवा होता. केळीबिळीचं निमित्त नको, सरळ तोच. अम्मीनं फोनवर परत बजावलं, तोंड उघडू नकोस. मी हो म्हटलं, आणि या वेळी मनापासून म्हटलं.

ईद झाली. व्याख्यानाच्या दिवशी हॉल भरला होता. माझ्या एका बाजूला खाला, दुसऱ्या बाजूला त्याची आई, हिरव्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यात, हात मांडीवर घट्ट. मुनीर साधं, सरळ बोलला. शेवटी भागवत सर उठले आणि विचारलं, पटेल, हे सगळं ठीक, पण ठोस पुरावा काय?

“तराजूत घालून दाखवण्यासारखा माझ्याकडं न्हाई, सर,” तो म्हणाला. “होते ते एका व्यक्तीनं खोडून काढले, आणि बरोबर खोडले. मी का मानतो, तेवढंच मला सांगता येतं.”

पुढच्या रांगेतले दोघं उठून गेले. बाकीचे बसून राहिले. त्याची आई माझ्याकडे वळली.

“खोडणारी तूच का गं?”

खालाचा पाय माझ्या पायावर आला. नाही म्हणणं किती सोपं होतं…

“मीच, चाची.”

“लोक म्हणतात, तुझं ईमान कच्चं हाय.”

“लोक म्हणतात. मी कुराण मनापासून मानते. पण कच्च्या पुराव्याला पक्का म्हणता येत नाही मला. खोटं बोलून तुमच्या घरात यायचं नाहीये मला.” संपलं, मला वाटलं.

तिनं स्टेजकडे बोट केलं.

“अन् माझ्या पोरात काय पाहिलंस?”

“चूक दाखवली तर ते रागावत नाहीत. ऐकून घेतात.”

“कोण म्हणलं? मागच्या जुम्याला सालनाच्या रश्शात मीठ जास्त पडलं म्हणून माझ्याशी भांडला. लई तापट हाय त्यो.”

माझ्याकडे होता नव्हता तो एकच पुरावा, तिनं तोही खोडला. मी स्टेजकडे बघितलं. तो माईकशी झटापट करत होता, कपाळावर आठी, आणि खरंच तापट दिसत होता.

“असू द्या, चाची,” मी म्हटलं. “तरी मला तेच हवेत.”

तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. “मग लाव नांदेडला तुझ्या अम्मीला फोन,” ती म्हणाली, “मी बोलते.”