एका हाताचं गाणं

रविवारी सकाळी शालनताई घोरपडे थालीपीठ थापता थापता मान डोलवत होत्या. कानात लेकीचं गाणं वाजत होतं. म्हणजे नाव लेकीचं होतं, गाणं काही लेकीनं केलेलं नव्हतं.

"झक्कास झालंय बघ," त्या म्हणाल्या. "पण एक इचारू? हे बाबांचं गाणं म्हणतीस, आणि त्यात बाबा कुठं हाईत? नुसतं ढुमढुम. माणूस जाऊन वर्ष न्हाई झालं आणि लेक लोकांस्नी नाचाया लावतीया."

मृणालनं चहाचा कप खाली ठेवला. हे बोलणं पहिल्यांदा होत नव्हतं. "आई, बाबा आहेत गं त्यात. त्यांचा खराखुरा आवाज आहे. तुझा कानमणी तो गाळून टाकतो."

"माझ्या कानाला काय धाड भरलीया?"

धाड कानाला नव्हे, जगालाच भरली होती. कानमणी म्हणजे खरोखरच मण्याएवढं यंत्र. आधी ते कमी ऐकू येणाऱ्यांसाठी निघालं, मग ज्याच्या त्याच्या कानात जाऊन बसलं. कानाच्या कातडीवरून ते नाडी ओळखायचं, आणि नाडीवरून मन. समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं पोचवायचं. पण रेकॉर्डिंग असो की विजेच्या वाद्यावरचं गाणं, ते ऐकणाऱ्याच्या मनाप्रमाणे वळवून द्यायचं. कंटाळा आला की ठेका वाढव, उदास झालं की सूर चढव, काळजात कळ उठतेय असं दिसलं की ते कडवंच उडव. कंपनीनं या सोयीला 'मनवळण' असं गोड नाव दिलं होतं. सोय होती, पण ती बंद करायची सोय नव्हती. काढून ठेवावा म्हटलं, तर शालनताईंना कानमण्याशिवाय शेजारी फुटलेला फटाकासुद्धा ऐकू येत नसे.

दिनकर घोरपडे कोल्हापूरहून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेला आले ते हृदयाच्या यंत्रांच्या कारखान्यात. मृणालचा जन्म तिथलाच. पंधराव्या वर्षी तिनं परसातल्या लाकडी खोलीत कुणाचा तरी जुना सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारी पेटी, आणून ठेवला आणि तेव्हापासून ती तिथंच असायची. त्यावर रचलेलं नाचरं गाणं, सिंथपॉप, तिला आवडायचं कारण त्यात पाय नाचतात आणि डोळे भरतात, दोन्ही एकदमच. पाठीशी गाणी काढणारी कुठली कंपनी नाही. गाणं स्वतःच करायचं, वेष्टणावरचं चित्र स्वतःच काढायचं, तबकड्या पाकिटात भरून पोस्टात स्वतःच टाकायच्या. कॉर्कला गा, बेलफास्टला गा, निम्मी खोली रिकामी. पण आलेल्या माणसांना शब्द न् शब्द पाठ असायचा, आणि शेवटच्या गाण्याला सगळी खोली एका आवाजात गायची. त्या एका आवाजावर तिनं वीस वर्षं काढली होती.

मग कानमणी आला. ऐकणारे वाढले, अगदी भरमसाट वाढले! निरोप येऊ लागले, 'तुमच्या गाण्यातली बासरी काळजाला भिडली.' मृणालनं जन्मात बासरी वापरली नव्हती. कार्यक्रमात एक जण उड्या मारायचा, त्याच्या शेजारचा डोळे मिटून पेंगायचा. ओळखीचं गाणं सुरू झालं रे झालं, की ज्याचा त्याचा कानमणी ज्याची त्याची आवृत्ती वाजवायचा. एकत्र गाणार कसे? प्रत्येकाचं कडवं वेगळ्या वेळेला यायचं. मंचावर आपण नुसतं तोंड हलवतोय, असं स्वतः कानमणी न घालणाऱ्या मृणालला वाटू लागलं.

बाबा दवाखान्यात असताना ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारायचे, "शालन, गॅस बंद केलास?" घरात गॅस नव्हताच, चाळीस वर्षं विजेची शेगडी होती. पण कोल्हापुरातली सवय. कुठंही निघायचं म्हटलं की उंबऱ्यातून हाक यायचीच. मृणालनं ते वाक्य फोनवर टिपून ठेवलं. त्याचे तुकडे केले, ताणले, सुरात बसवले. सगळं गाणं त्या वाक्यातूनच काढलं, आणि तिसऱ्या कडव्यात वाद्यं थांबवून तो आवाज नुसताच मोकळा सोडला. आईसाठी. आणि नेमकं आईच्याच कानापर्यंत ते पोचत नव्हतं. त्या हाकेला शालनताईंची नाडी उसळायची, आणि कानमणी शहाण्यासारखा तिथं ढुमढुम भरून टाकायचा.

"आज शेवटचा कार्यक्रम," मृणाल म्हणाली. "उद्यापासून मी बाबांच्या कारखान्यात. बोलणं झालंय."

"बरं झालं," शालनताई म्हणाल्या. पण थालीपीठ तव्यावर करपेपर्यंत त्यांचं लक्ष नव्हतं.

कार्यक्रम दुपारचा, स्पिडल गावच्या पबमध्ये. पुढच्या बाकावर शालनताईंच्या शेजारी म्हातारा कोलम बसला होता. कोलम तिथला जुना गायक. तिकडची जुनी आयरिश गाणी वाद्याशिवायची, आणि ती म्हणायची एक रीत आहे. कुणी दुःखाचं गाणं म्हणू लागलं, की जवळ बसलेल्यानं त्याचा हात हातात घ्यायचा आणि सावकाश गोल फिरवत राहायचा, आपल्याकडे जात्याचा खुंटा फिरवतात तसा. गाणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. कोलम विजेच्या गाण्याला जन्मात गेला नव्हता. आज आला तो दिनकररावांसाठी. दोघं वर्षानुवर्षं धक्क्यावर गळ टाकून बसायचे आणि मासे मिळाले नाहीत म्हणून एकमेकांना शिव्या द्यायचे.

मृणालनं शेवटी बाबांचं गाणं सुरू केलं. डोळे मिटले होते. आणि कोलमला बिचाऱ्याला काय ठाऊक, सिंथेसायझर दोन हातांनी वाजवतात ते! गेलेल्या माणसाचं गाणं म्हटल्यावर तो रीतीनं उठला, पुढे आला आणि त्यानं तिचा डावा हात धरला. धरला आणि लागला फिरवायला.

डाव्या हातात सगळा खर्ज होता. तो भसकन थांबला. मागं दोघं-तिघं फिसकन हसले. पण त्या रीतीत हात सोडवून घ्यायचा नसतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती उजव्या हातानं तसंच रेटत राहिली. तिसरं कडवं आलं.

कोलमचा हात एकदम थांबला. "हे कोण बोललं?"

मृणालनं डोळे उघडले.

"दिनकर बोलला आत्ता! मला सांगू नकोस, मी तो आवाज अंधारात ओळखेन." डोक्यावरची टोपी काढायला त्यानं तिचा हात सोडला आणि वैतागला. "आता गेला. आता इथं पिपाण्या वाजतायत." पुन्हा हात धरला. "आला! हात धरला की येतो, सोडला की जातो. ही काय भुताटकी आहे, पोरी?"

भुताटकी नव्हती. मृणालच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अंगाला अंग लागलं की दोघांच्या नाड्यांची स्पंदनं एकमेकांत मिसळतात. कोलमच्या कानमण्याला दोन माणसं जाणवत होती, आणि कुणाच्या मनाप्रमाणे गाणं वळवायचं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी तो होता बहिऱ्यांसाठी केलेला. अशा यंत्रांत एक पक्का नियम असतो, बाबांनीच तिला सांगितलेला: शंका आली, तर खरा आवाज जाऊ द्यायचा. मागून गाडी येत असेल आणि यंत्र गोंधळात असेल, तर माणूस मरता कामा नये.

तिनं गाणं थांबवलं. "आई, इकडे ये."

"मी? आता हितं?"

"ये गं. कोलमचा दुसरा हात धर."

"काय खुळ्यागत करतीस? लोकं बघत्यात."

"बघू देत! आई, एकदा. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी ये."

शालनताई पदर सावरत उठल्या. परक्या पुरुषाचा हात कसा धरायचा म्हणून क्षणभर घुटमळल्या. कोलमनंच त्यांचा हात घेतला, अगदी अदबीनं. मृणालनं एका हातानं तिसरं कडवं पुन्हा धरलं. सूर बारीक होत गेले, थांबले.

"शालन, गॅस बंद केलास?"

"केलाय ओ!" शालनताई मोठ्यांदा म्हणाल्या. "कितींदा इचारताय!"

आणि मग त्यांना कळलं आपण कुणाला उत्तर दिलं. त्या तिथंच कोलमच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या. सकाळचं सगळं बोलणं त्यात वाहून गेलं. मृणालही रडत होती आणि वाजवत होती. तिला आयुष्यात इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

मागच्या बाकावरच्या बाईनं शालनताईंचा मोकळा हात धरला. तिचा तिच्या नवऱ्यानं. बघता बघता सगळा पब हाताला हात लावून उभा राहिला. जरा वेळानं एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या कोपऱ्यातून शब्द येऊ लागले, आणि कितीतरी वर्षांनी मृणालला आपलं गाणं एका आवाजात ऐकू आलं.

सोमवारी ती कारखान्यात गेली, पण नोकरी नको म्हणून सांगायला. बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुठं लग्नात, कुठं शाळेत, लोक हात धरून गाणी ऐकू लागले. सगळ्यांनाच ते आवडलं असं नाही. काही जण हात सोडून आपल्या पिपाण्यांकडे परत गेले. मृणालनं नवी गाणी करायला घेतली, सगळी एका हाताची. दुसरा कुणीतरी धरणार, हे आता गृहीतच होतं.

महिन्याभरात कंपनीनं जाहीर केलं, स्पर्शामुळे होणारा बिघाड लक्षात आला आहे. पुढच्या सुधारणेत तो काढून टाकला जाईल.

शालनताईंनी ती बातमी लेकीकडून दोनदा वाचून घेतली. "बिघाड म्हणत्यात व्हय याला?"

"हो."

"आणि काढतील?"

"प्रयत्न तर करतील, आई. दोन नाड्या वेगळ्या काढायला शिकवतील यंत्राला."

दोघींना पुढच्या कार्यक्रमाला निघायचं होतं. मृणाल सिंथेसायझर गाडीत ठेवून आली तेव्हा त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या, स्वयंपाकघराकडे तोंड करून.

"मृणाल, गॅस बंद केलास?"

"केलाय ओ," मृणाल म्हणाली. "कितींदा इचारताय!"

दोघी खुदकन हसल्या आणि हात धरून पायऱ्या उतरू लागल्या. त्या दोन हातांमधली आईची नाडी कुठली आणि लेकीची कुठली, हे कुठल्या यंत्राला कधी शिकवता येईल का?