आबदाराची ओंजळ

सांडणीगडावरची पहाट दबक्या पावलांनी येत नाही. पूर्वेच्या वाळूवरून ती सरळ तटावर चाल करून येते, आणि घटकाभरात बुरुजाचा दगड हाताला चटके देऊ लागतो. त्या दिवशीही किल्लेदार मानाजी बाबर उगवतीच्या बुरुजावर उभे राहून खाली वाळूत पसरलेल्या दोन लोखंडी रुळांकडे बघत होते आणि एका माणसाला मनसोक्त शिव्या घालत होते. हा त्यांचा रोजचा नेम होता. तो माणूस म्हणजे चंद्रसर संस्थानचा आबदार हैबतराव धायबर, एके काळचा त्यांचा जिवलग मित्र.

नकाशात चंद्रसर शोधत बसू नका, सापडायचे नाही. कधीकाळी दख्खनेतून उत्तरेत गेलेल्या स्वारांनी वाळवंटात पाण्यापाशी मुक्काम केला, मुक्कामाचे गाव झाले आणि गावाचे संस्थान. अशा मुलखात आबदार म्हणजे सरबताचे पेले फिरवणारा हुजऱ्या नव्हे. फौज विहिरीवर उतरली की पहिले पाणी आबदाराने सर्वांदेखत ओंजळीने प्यायचे आणि एकच शब्द बोलायचा: गोड, नाहीतर खारे. त्याने गोड म्हटलेले पाणी दुसऱ्याने चाखून बघणे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणे. धायबरांच्या तीन पिढ्यांत हा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता.

या दोन मित्रांत वितुष्ट आले ते तीन वर्षांपूर्वी, भर दरबारात.

"महाराज," हैबतराव म्हणाले होते, "राजधानीपासून सांडणीगड पन्नास कोस, म्हणजे सात दिवसांच्या सात मजला. शंभर स्वारांची कुमक निघाली की दोनशे उंट नुसते पाणी वाहतात, आणि त्या उंटांनाही पाणी लागते! गडाला वेढा पडला तर आपण पोचेतो आत कोण जिवंत राहणार? लोहमार्ग घालावा. दिवस उगवता निघालेली पलटण दुपारी गडाखाली उभी राहील. वाटेत पाणी शोधून देण्याचे काम सेवकाकडे."

मानाजी ताडकन उठले. "सांडणीगडाला खंदक का नाही, ठाऊक आहे ना, आबदार? पन्नास कोस वाळू हाच त्याचा खंदक! दीडशे वर्षांत कोणा गनिमाला तो ओलांडता आला नाही. आणि तुम्ही त्यावर पूल बांधायला निघालात?"

"पूल आपल्या फौजेसाठी आहे, किल्लेदार. शत्रूपाशी आगगाडी नाही."

"आज नाही! आणि वाट काय माणूस ओळखून चालू देते? जो राजधानीत बसेल त्याची ती गाडी."

महाराजांनी कौल हैबतरावांच्या बाजूने दिला. हैबतरावांनी वाळू तुडवत पाणी शोधले, बरोबर निम्म्या वाटेवर जोडविहिरीपाशी इंजिनाच्या पाण्याची सोय केली, रूळ गडापर्यंत आले. पण दरबाराबाहेर पडताना मानाजी जे बोलले ते हैबतरावांच्या काळजात रुतून बसले होते. "हैबत, तुझ्या हातचे पाणी आजपासून मला वर्ज्य." त्यानंतर दोघांत एक शब्द झाला नाही.

आणि मानाजींचे बोल खरे ठरायला किती दिवस लागावेत? गाडी सुरू होऊन महिना झाला नाही तोच महाराज वारले. महाराजांच्या मातोश्री आईसाहेब सगुणाबाई तेव्हा देवीच्या नवसासाठी सांडणीगडावर होत्या, आणि राज्याचा शिक्का त्यांच्यापाशी होता. महाराजांचा चुलतभाऊ रुस्तुमराव, जो फौजबक्षी, म्हणजे फौजेचा कारभारी, म्हणून त्यांच्याच ताटात जेवला होता, त्याने तिसऱ्या दिवशी राजधानी घशात घातली आणि तार तोडली. हा रुस्तुमराव मोठा साहेबी गृहस्थ! मुंबईहून आलेल्या बाटलीतल्या सोड्याशिवाय पाणी म्हणून त्याच्या घशाखाली उतरत नसे, आणि चामड्याची मोट दिसली की त्याला मळमळायचे. वाळवंटात जन्मलेल्या माणसाने असली थेरं करावीत, आता काय बोलावे!

हिशेब सरळ होता. गड आणि शिक्का ज्याच्या हाती, त्यालाच इंग्रजांचा रेसिडेंट गादीचा धनी मानणार. आईसाहेबांशी इमान राखून असलेले दक्षिण ठाण्यांचे सरदार बातमी कळताच उंटांवरून निघाले होते, पण गडावर पोचायला त्यांना अजून चार दिवस हवे होते. गडावर माणसे साठ, आणि त्यांना राजधानी पडल्याचाही पत्ता नाही. उंटांवरून गेला असता तर रुस्तुमरावाला सात दिवस लागते आणि सरदार आधी पोचले असते. रुळांवरून त्याला एक सकाळ पुरणार होती. म्हणून मानाजी बुरुजावर शिव्या घालत होते त्याच पहाटे चारशे शिपाई आणि दोन तोफा घेऊन गाडी राजधानीतून सुटली. दारूगोळ्याला जागा हवी म्हणून पाण्याच्या पखाली फलाटावरच टाकून दिल्या. दुपारी गडावरचेच पाणी पिऊ, असे रुस्तुमराव हसत म्हणाला.

हैबतरावांना घरातून मुसक्या बांधून आणले होते, कारण त्यांच्यावाचून जोडविहिरीवर खोळंबा झाला असता. तिथे दोन विहिरी, एकमेकींपासून पंचवीस पावलांवर, सारख्याच बांधणीच्या, सारख्याच मोटेच्या. एक गोडी, दुसरी खारी. तिथला राखणदार गाडीवरचे परके निशाण पाहूनच पळाला होता. नेहमीच्या ड्रायव्हरने दुखण्याचे सोंग घेतले होते, आणि त्याच्या जागी बाहेरून आणलेला पिंटो या वाटेवर पहिल्यांदाच आला होता.

"साहेब, पाणी बघून घ्या हां," पिंटो इंजिनावरून ओरडला. "खारं पाणी पोटात गेलं की बॉयलर फेसाळतो. मग माझ्या हातात काही नाही."

"कोणीही खाली उतरायचे नाही, वेळ दवडायचा नाही!" रुस्तुमरावाने डब्यांकडे पाहून हुकूम सोडला आणि हैबतरावांच्या मुसक्या सोडवल्या. "दाखवा, आबदार. गोडी कोणती?"

हैबतरावांनी दोन्ही विहिरींकडे पाहिले. नाही म्हणावे, तर गोळी घालतील, दोन्ही विहिरी आळीपाळीने चाखून बघतील आणि गाडी पुढे जाईल. खरे बोलावे, तर दुपारी मानाजीच्या तटावर तोफा डागल्या जातील, आणि तो तट आपणच उघडा पाडलेला आहे. उरला फक्त तो एक शब्द, तीन पिढ्यांनी जपलेला. त्यांना भडभडून आले, पण चेहऱ्यावर काही दिसू न देता ते डावीकडच्या विहिरीपाशी गेले आणि मोट सोडायला लावली.

पाणी वर आले. काचेसारखे स्वच्छ. हैबतरावांनी ओंजळ भरली, प्यायली आणि मान वर केली.

"गोड."

हवालदार जोत्याजी पहाऱ्यासाठी त्यांच्या शेजारीच उभा होता. वीस वर्षे त्याने हैबतरावांच्या शब्दावर पाणी प्यायले होते. कसल्याशा शंकेने म्हणा किंवा नुसत्या तहानेने म्हणा, त्याचा हात मोटेकडे गेला.

"जोत्याजी!" हैबतराव कडाडले. "आबदाराने चाखलेले पाणी पुन्हा चाखणार तू? माझ्या तोंडाची परीक्षा घेणार?"

जोत्याजीने चटका बसावा तसा हात मागे घेतला. "चुकलो, आबदार. माफी असावी." भर उन्हात त्याचा चेहरा शरमेने उतरला.

रुस्तुमराव मात्र बारीक डोळ्यांनी बघत होता. "एका ओंजळीने माझे समाधान होत नाही. लोटा भरा. पूर्ण प्या, माझ्यासमोर."

स्वतः एक थेंब जिभेवर ठेवला असता तर सारा खेळ तिथेच संपला असता. पण मोटेचे पाणी, आणि ते या साहेबाने चाखायचे? छे! त्याने हातातल्या सोड्याच्या बाटलीचा घोट घेतला आणि वाट बघत राहिला.

हैबतरावांनी लोटा तोंडाला लावला. ते पाणी नव्हतेच, कडवट क्षार होता. घसा सोलून निघाला, डोळ्यांत पाणी दाटू लागले ते त्यांनी आतल्या आत जिरवले. घाई नाही, थांबणे नाही. शेवटचा घोट घेऊन त्यांनी मिशा पुसल्या आणि लोटा उपडा करून दाखवला.

"गोड आहे. भरा."

गाडी सुटली तेव्हा इंजिनाच्या टाकीत काठोकाठ खारे पाणी होते. दहा-अकरा कोस सारे ठीक चालले. मग उंच टेकाडाचा चढ लागला, पिंटोने वाफ वाढवली, आणि धुराड्यातून धुराऐवजी पांढरा फेस उडू लागला. इंजिन दणके देऊ लागले, आत काहीतरी कडाडून फुटले आणि गाडी चढावर मटकन थांबली. जोडविहीर मागे बारा कोस, गड पुढे तेरा कोस, डोक्यावर सूर्य.

जोत्याजी सर्वांच्या आधी टाकीच्या तोटीपाशी धावला. त्याने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. मग ओल्या हातानेच तो हैबतरावांकडे वळला.

रुस्तुमरावाने पिस्तूल काढले. "म्हाताऱ्या, हरामखोरा!"

"झाडा गोळी," हैबतराव म्हणाले. "मग पाणी कोणाला विचाराल?"

शिपायांनीच रुस्तुमरावाचा हात धरला. हैबतराव डब्याच्या पायरीवर चढून मोठ्याने बोलू लागले. "गड्यांनो, तुमच्याशी माझे वैर नाही. इथून दीड कोसावर, त्या तांबड्या टेकाडाआड एक झाकलेले टाके आहे. रूळ घालताना आम्ही त्याचेच पाणी प्यायलो. बंदुका इथे ठेवा आणि माझ्यामागे चला, मी तुम्हांला पाजतो. पाणी गोड आहे!"

कोणी हलले नाही. मग जोत्याजी सावकाश म्हणाला, "सकाळीही तुम्ही गोडच म्हणाला होता, आबदार."

"पाया पडतो, जोत्या," एवढेच हैबतराव म्हणाले, आणि खरोखरच वाळूत उतरून त्यांनी हवालदाराच्या पायांना हात लावला. जोत्याजीने पाय मागे घेतले आणि पाठ फिरवली.

दीडशे माणसे बंदुका टाकून, जीव मुठीत धरून हैबतरावांच्या मागे गेली. टाके होते. पाणीही होते, थंडगार आणि गोड. बाकीची रुस्तुमरावामागून रुळांच्या कडेने जोडविहिरीकडे परत निघाली, कारण तिथल्या दोहोंपैकी एक विहीर तरी नक्की गोडी होती. बारा कोस, वैशाखातली दुपार, आणि पाठीवर बंदुका! एकोणीस माणसे त्या रुळांवर मेली. पाचव्या कोसावर जोत्याजी पडला.

रुस्तुमराव जगला. असली माणसे जगतातच; सोड्याच्या बाटल्या त्याच्याच पेटीत होत्या ना! चौथ्या दिवशी दक्षिणेचे सरदार गडावर पोचले, रेसिडेंटाने आईसाहेबांचा शिक्का मानला, आणि रुस्तुमराव हद्दपार झाला.

आईसाहेबांनी गडावर दरबार भरवला. हैबतरावांना जहागीर आणि सोन्याचे कडे देण्याचा हुकूम झाला, तेव्हा ते पुढे आले, मुजरा केला आणि कंबरेचा आबदारीचा चांदीचा पेला काढून गादीपुढे ठेवला.

"आईसाहेब, गड वाचला, याचा आनंद आहे. पुन्हा तोच प्रसंग आला तर पुन्हा तेच करीन. पण त्या दुपारी मी खरे बोलत होतो, आणि जोत्याजीने विश्वास ठेवला नाही, तो माझ्यामुळे मेला. जी जीभ एकदा खोटी पडली तिच्यावर फौजेने पाणी पिऊ नये. आबदारी परत घ्यावी, एवढे एकच मागणे."

आईसाहेबांनी पदर डोळ्यांना लावला. हैबतराव माघारी वळले. त्या दुपारपासून जीव तगण्यापुरत्या घोटाखेरीज त्यांनी पाण्याला तोंड लावले नव्हते. ओठ फुटले होते. कोणी पेला पुढे केला की त्यांचा हात थांबायचा.

तेवढ्यात मानाजी बाबर आपल्या जागेवरून उठले. त्यांनी गादीपुढचा तो चांदीचा पेला उचलला, गडाच्या टाक्यातले पाणी त्यात भरले, आणि भर दरबारात, आजवर कोणी किल्लेदाराने केले नव्हते ते केले. त्यांनी स्वतः एक घोट घेतला, गिळला आणि पेला मित्रापुढे धरला. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होते.

"गोड आहे, हैबत," मानाजी म्हणाले. "पी."

हैबतरावांनी दोन्ही हातांनी पेला घेतला, आणि ते प्यायले.