शिंप्याचे ठोके

तुरुंगाच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा खाटांवर जुने पंखे आणि रद्दी रचलेली होती. रुग्ण खाली सतरंजीवर. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा मोडलेला. आत काय आहे ते देवालाच ठाऊक. कंपाउंडर म्हणाला, "मॅडम, इथे सगळ्यांना एकच दुखणं असतं. नाटक." पोटात दुखलं की पांढरी गोळी. छातीत दुखलं तरी तीच गोळी.

शिंपी मला तिथेच भेटला. चाळिशीचा, कच्चा कैदी. म्हणजे खटला अजून उभाही राहिला नव्हता. बराकीतल्यांचे फाटके शर्ट शिवून द्यायचा, म्हणून सगळे त्याला शिंपी म्हणत. चार पावलं चालला की ओठ निळे पडायचे. मी स्टेथोस्कोप लावला. हृदयाची झडप गळत होती. ठोका, मागून फाटक्या भात्यातून वारा सुटावा तशी फुसफुस, मग एक ठोका गाळलेला आणि लगेच दोन घाईघाईने. असं हृदय एकदा ऐकलं की विसरता येत नाही.

"ऑपरेशन केलं तर बरा होशील," मी म्हणाले.

"करा की मग. मला कुठे जायचंय?" तो हसला.

मोठ्या रुग्णालयात न्यायचं तर सोबत पोलीस लागतात. मी अधीक्षकसाहेबांकडे गेले.

"बंदोबस्ताला माणसं नाहीत. पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात मंत्री येणार होते. त्यानंतर गाडी बिघडली. मी तावातावाने भांडले, तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, हा तुरुंग आहे, माहेर नाही." दाराशी उभे असलेले शिपाई फिदीफिदी हसले.

एका सकाळी शिंपी उठलाच नाही. शेजारचे कैदी पहाटेपासून गज बडवत होते. कुणी फिरकलं नव्हतं. मी पोचले तेव्हा अंग गार पडलं होतं. साहेबांनी वर कळवलं, रुग्णालयात नेताना वाटेत मृत्यू. मेल्यावर मात्र गाडी मिळाली, पोलीसही मिळाले. कोर्टाने त्याला कोठडी दिली होती, फाशी नाही. ती आम्ही दिली.

त्याच दुपारी एक पैलवान गडी खोकला घेऊन आला. मी छाती तपासली.

ठोका. फुसफुस. गाळलेला ठोका. दोन घाईचे.

मनगटावर बोटं ठेवली; नाडी घड्याळासारखी नियमित. छातीत मात्र शिंपी. मी स्टेथोस्कोपची नळी बदलली. पुढच्या कैद्याच्या छातीत तेच. त्याच्या पुढच्याच्याही. हृदयाचा आलेख काढला, तो सगळ्यांचा स्वच्छ.

संताप डोक्यात गेला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या मैत्रिणीला शिबिराच्या निमित्ताने बोलावून घेतलं, काही न सांगता. पहिल्याच माणसाला तपासून ती खवळली, "याची झडप गळतेय! हा अजून इथे कसा?" मग दुसऱ्याला तपासलं. मग तिसऱ्याला. तिने कानातली नळी काढली, पर्स उचलली आणि शिबिर अर्धवट सोडून निघून गेली.

गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. ते तणतणत आले.

"काय अफवा पसरवताय?"

"शर्टाची बटणं काढा," मी म्हणाले. चकती त्यांच्या छातीवर टेकवली आणि नळी त्यांच्याच कानात घातली.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हे माझं आहे?"

"नाही."

तासाभरात ते मोठ्या रुग्णालयात होते. गाडी मिळाली. बंदोबस्तही मिळाला. तपासण्यांत काही निघालं नाही.

त्यानंतर ते रोज सकाळी दवाखान्यात येत, मुकाट्याने बटणं काढत.

"आहे?"

"आहे."

खाटा रिकाम्या झाल्या, त्यांवर गाद्या आल्या. नवे सिलिंडर आले. मी म्हणेन त्या कैद्याला गाडी मिळू लागली. माझा राग मात्र उतरला नाही. भीतीपोटी जे चुटकीसरशी झालं, ते माणुसकीपोटी का होऊ नये?

मग शिंप्याची धाकटी बहीण त्याचे कपडे न्यायला आली. साहेब तेव्हा स्टुलावर उघड्या छातीने बसले होते.

ती दारातूनच म्हणाली, "माझ्या भावाचं हृदय इथे ऐकू येतं म्हणे."

साहेब उठू लागले.

"बसा," मी म्हणाले. ते बसले.

मी नळी तिच्या कानात घातली, चकती त्यांच्या छातीवर टेकवली. ती बराच वेळ ऐकत राहिली. रडली नाही. नळी काढून तिने माझ्या हातात दिली.

साहेबांनी खाली मान घालून बटणं लावायला घेतली.

ती जरा वाकली. झोपलेल्याला उठवावं तशी हळूच म्हणाली, "दादा?"

"ओ," साहेब म्हणाले.

त्यांना ते कळलंही नाही. ते पुढचं बटण लावत होते.