रिकाम्या लहरीचा तास

४ फेब्रुवारी २०६१. संध्याकाळी सहा वाजता बोरमाळच्या मध्यम लहरी केंद्रावरचा माइक बंद झाला आणि ‘सूर्यफूल वाणी’ हे नाव संपलं. प्रक्षेपक चालूच होता. सात वाजता त्याच लहरीवर ‘स्वर सात’ हे नवं नाव येणार होतं.

मधला तास रिकामा. केंद्र विकलं गेलं की जुन्या मालकाने तासभर नुसती वाहक लहर सोडायची, तिच्यावर शब्द नाही की सूर नाही. नव्या मालकाच्या माणसाने ती मोजून घ्यायची. बैल घेणारा दात बघतो, तसा हा रिवाज.

मोजायला मोहोळकर आले होते. प्रक्षेपकापाशी अभियंता इंदुमती गेजगे उभ्या होत्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली त्यांची ही शेवटची संध्याकाळ. टेबलावर एक छोटा कर्णा होता. दीडशे किलोमीटरवर, भीमाकाठच्या कोंडेवाडीच्या शाळेत ठेवलेल्या रेडिओला जे ऐकू येईल, ते या कर्ण्यातून इथे ऐकू येणार होतं. तो लावला होता आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराच्या, अभ्यासक डॉ. शमीम बागवान यांनी.

“रिकामी लहर ऐकायला एवढा थाट?” मोहोळकर हसले.

“रिकामी जाते, पण रिकामी परतत नाही,” शमीम म्हणाल्या. “कोंडेवाडीला जमिनीवरून आपली लहर पोचत नाही. आयनांबरावर आपटून खाली येते तीच पोचते. ते आरशासारखं काम करतं. पण वर्षातून पाच-सात वेळा ऊन सरताना मधे एक पातळ थर जमतो. तो आरसा नाही, टीपकागद आहे. मी त्याला धारणस्तर म्हणते. शब्द तो टिपून घेतो, खाली पडू देत नाही. पुढे कधी रिकामी लहर वर गेली की टिपलेलं तिच्यावर चढतं आणि उतरतं. शेवटचं आधी.”

“उतरल्यावर?”

“कागद कोरा.”

“म्हणजे घ्यायला आलो भरलेला, आणि नेणार कोरा! ताई, तुमच्या मालकाने गंडवलं की आम्हाला.”

इंदुमतीबाई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष कर्ण्याकडे होतं. नऊ ऑगस्ट २०४४ च्या संध्याकाळी, केंद्राचं नाव ‘भीमानाद’ असताना, त्यांचा थोरला भाऊ दत्तात्रय निवेदक होता. धरणातून पाणी सोडल्याचा इशारा त्याने वाचला, असं तो सांगत आला. कोंडेवाडीत कुणी ऐकला नाही. अकरा माणसं बुडाली. चौथ्या दिवशी केंद्र विकलं गेलं, जुनी ध्वनिमुद्रणं नव्या मालकाने पुसली, आणि चौकशीने दत्तात्रयला खोटं ठरवलं.

सहा वाजून एकवीस मिनिटांनी कर्णा बोलू लागला.

आधी सरकी पेंडेची जाहिरात, चार वर्षांपूर्वीची. मग हरवलेली म्हैस, डाव्या शिंगाला निळा रंग. मग कुण्या शांताक्काला मुलीकडून निरोप: बाळ झालं, दोघं सुखरूप. बाहेर हुरड्याची शेतं जांभळी होत होती आणि कुणालाच न पोचलेली वाक्यं एकेक करून खाली उतरत होती, दुपारच्या झोपेत शेजारच्या खोलीतलं बोलणं कानावर यावं तशी.

“२०४८,” शमीम पुटपुटल्या. “२०४५.”

“नमस्कार. आजपासून आपल्या केंद्राचं नाव सूर्यफूल वाणी.” त्यानंतर नुसती खरखर.

इंदुमतीबाई वाकून ऐकत राहिल्या. पाच मिनिटं गेली. “पुढचं?”

“पुढचं नाही, ताई,” शमीम म्हणाल्या.

“दादाने वाचलं असतं तर असतं ना?”

मोहोळकरांनी नजर मापकाच्या काट्यावर वळवली.

खुर्चीवर बसता बसता इंदुमतीबाई थांबल्या. “शमीम, तेव्हाही केंद्र विकलं होतं. तेरा ऑगस्टला. तेव्हाही हा तास पाळला होता. मीच सोडली होती रिकामी लहर.”

“म्हणजे कागद तेव्हाच कोरा झाला.”

“झाला. पण त्यावरचा इशारा उतरला कुठे? कोंडेवाडीच्या नऊ जणांनी चौकशीत सांगितलं होतं, इशारा आम्ही ऐकला, पण पूर ओसरल्यावर, तेराच्या संध्याकाळी. त्यावरूनच ठरलं, की दादाने स्वतःला वाचवायला मागाहून चोरून वाचला. अगं, माइक तेव्हा बंद होता! मी होते इथे. तेही खरं बोलत होते आणि दादाही.”

शमीमनी सावकाश मान हलवली. “जे उतरलं, ते आधी वर गेलेलंच असणार.”

इंदुमतीबाईंनी घरी फोन लावला. दत्तात्रय आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत; घरात रेडिओ ठेवत नाहीत. बहिणीचं सगळं बोलणं त्यांनी मधे न बोलता ऐकलं.

“इंदे,” ते म्हणाले, “म्हणजे मी वाचला होता? मला तर अलीकडे वाटायचं, वाचलाच नसेल.”

“वाचला होतास, दादा.”

“लोक मानतील?”

चौकशी पुन्हा उघडायची तर धारणस्तर खरोखर शब्द धरतो, हे साक्षीदारांसमोर दाखवावं लागेल. एक वाक्य वर जाऊन अडकायला हवं, आणि नंतर माइक बंद असताना उतरायला हवं.

सात वाजता मोहोळकरांनी माइक उघडला. “नमस्कार. आजपासून आपलं केंद्र, स्वर सात.” जवळपासच्या गावांतून सव्वीस जणांनी अभिनंदनाचे फोन केले.

कोंडेवाडीच्या शाळेतल्या रेडिओवर त्या वेळी फक्त खरखर नोंदली गेली. तिथे नवं नाव कुणीही ऐकलेलं नाही.

आणखी एक तास रिकामी लहर सोडावी, असा अर्ज इंदुमती गेजगे यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या मालकांकडे दिला. केंद्र विकलं जात नसताना असा तास पाळण्याची तरतूद नाही, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलं. लेखी उत्तर अजून आलेलं नाही.