झुंबरबाईचं पाणी

स्नेहल, आदी पाणी पी बरं. बाजाराला म्हणून लोणावळ्यात गेलीस, आन् सोय न्हाई म्हणून दिवसभर घोटभर पाणी न पिता हिंडलीस ना? मग बस हितं, ऐक. स्वराज, तूबी ठेव तो मोबाईल. ही कुटं वाचलेली गोष्ट न्हाई. आपल्या औंढ्याच्या दत्तोबानं सोताच्या तोंडानं सांगितलीय मला.

दत्तोबा आन् त्याची बायको झुंबरबाई लोणावळ्यात, पॉइंटाच्या वाटंवर, कणसं भाजून विकायची. सकाळी निघताना बाई नुसती चूळ भरायची. मग घरी येईस्तोवर पोटात थेंब न्हाई. बाईमाणसानं जायाचं कुटं? तितं नगरपालिकेनं संडास बांधलेला व्हता, पण त्याला कायम कुलूप. हाटेलवाले दारातनंच हाकलायचे. लय अडचण झाली की ती दत्तोबाला हळूच खुणवायची. हा कणसं फिरवत म्हणायचा, 'दम धर की वाईच. निघूच आता.'

रातच्याला घरी आली की उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायची, आन् तांब्या पुसून पालथा घालायची. वर्सानुवर्सं हेच. शेवटी मूत्रपिंडं गेली तिची. दवाखान्यात तहानंनं जीव कासावीस, आन् डाक्टरनं पाणी बंद केलेलं. 'दोन घोट द्या की ओ,' म्हणतच गेली बिचारी.

दत्तोबानं कणसाची गाडी मोडली. हापिसात खेटे घालून घालून त्या संडासाचं कुलूप काढाय लावलं, आन् तितं धुवायचं काम सोताच धरलं. भावकी हसली. हा म्हणाला, 'हसू द्या.' आता जाऊन बघ, फरशी कशी लख्ख असती. कुलूप फकस्त रातचं. पेताडं येऊन घाण करत्यात म्हणून.

मागल्या साली पौषातल्या आवसंची रात. बुधवार व्हता. कुलूप लावून तो निघाला, आन् अर्ध्या वाटंत ध्यानात आलं, तांब्या पायरीवरच राह्यला. भरलेला. झुंबरबाईचाच तांब्या तो, रोज पाण्याला संगं आणायचा. म्हणून माघारी फिरला. धुकं असं, की सायकलचं पुढलं चाक दिसंना.

पोचला... तर आत नळ चालू.

कुलूप जसंच्या तसं. चावी त्याच्या खिशात.

'कोन हाय?'

नळ थांबला.

बांगड्या वाजल्या... काचंच्या.

'कोन हाय आत... बोला की...'

मग आवाज आला. सावकाश.

'दम धरा की वाईच... आलेच.'

पोरांनो, दत्तोबा पळाला न्हाई. म्हणाला, 'बस गं, झुंबरे. घाई न्हाई. मी हाय हितं बाहेर.' आन् दाराला पाठ लावून, तांब्या शेजारी घेऊन, पायरीवर बसला. रडत. थंडीत. उजाडंपर्यंत दाराला हात लावला न्हाई त्यानं. जित्तेपणी कदी थांबला न्हवता ना तिच्यासाठी.

सकाळी कुलूप काढलं. आत कोन न्हाई. फरशी कोरडी.

"सपान पडलं आसंल, आबा."

व्हय, त्याच सकाळी तो माझ्याकडं आला, तवा मीबी त्याला तेच म्हणलो, स्नेहल. त्यानं मला पायरीपाशी नेलं आन् बोट केलं. रातभर तांब्याला त्यानं तोंड लावलं न्हवतं. पायरीवर पाण्याचा थेंब न्हाई. आन् तांब्या... पुसून, पालथा घातलेला.